लूपरला केलेला नमस्कार

“सहा आठवडे, दहा कलाकार,” अदिती मॅडम म्हणाल्या. “प्रत्येकाकडे एकेक पीस. आमचा एक इंजिनिअर नागपुरात राहील, रोज बघेल. मग आम्ही निर्णय कळवू.”

“सहा आठवडे कायले?” मी म्हणालो. “डबा तयार आहे. तुम्ही आत्ता कानानं ऐकला.”

“डबा चालतो हे दिसलं, रमेश सर. लोकांना तो चालवता येतो का, ते बघायचंय.”

रामदासपेठेतल्या एका हॉटेलात आम्ही कॉफी घेत होतो. मॅडम पुण्याच्या एका कंपनीत प्रॉडक्ट हेड होत्या. कंपनी माईक, स्पीकर, मिक्सर असलं सामान बनवते. आता तिला लूपर बनवायचा होता आणि टेबलावर माझा लूपर होता. तो त्यांना आवडला होता. त्यावर त्यांचा शिक्का बसला असता, तर माझं डिझाईन माझ्या नावानं देशभर गेलं असतं. तीन वर्षं मी त्याच्यासाठी घातली होती. धंद्यातली उरलेली उमेदही त्यातच घातली होती.

लूपर म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुम्ही चार ओळी गाता. डबा त्या साठवतो आणि लगेच पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. त्या वाजत असताना तुम्ही वरून दुसरा आवाज चढवता. तोही साठतो. एकटा माणूस बसल्या जागी स्वतःचाच कोरस उभा करतो. बटण एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग संपून ते वाजायला लागतं. तिसऱ्यांदा दाबलं की त्यावर नवा थर चढतो, चौथ्यांदा दाबलं की थर चढणं थांबतं. बटण तीन सेकंद दाबून धरलं की सगळं पुसलं जातं. एवढी सगळी कामं एकाच बटणाची.

बाहेरचे लूपर गिटारवाल्यासाठी बनवलेले असतात. तो उभा राहून वाजवतो. पायात बूट असतात. म्हणून बटण लोखंडाचं आणि कडक, बुटानं दाबायचं. आमचा गाणारा मांडी घालून बसतो. चपला स्टेजच्या खाली. उजवा हात हार्मोनियमच्या पट्ट्यांवर, डावा भात्यावर. पाय मांडीखाली दुमडलेले. तो बटण दाबणार कशानं? मोठमोठ्या डिग्रीवाल्यांनी हे डबे बनवले, विकले. गाणाऱ्याच्या पायाकडे त्यांच्यापैकी एकानंही पाहिलं नव्हतं.

मी आयटीआय शिकलेला माणूस. सुरुवातीला गांधीबागेत फुटपाथवर रेडिओ दुरुस्त करायचो. आता तिथेच कापडाच्या दुकानांवर एक खोली आहे. खाली थानं उलगडतात, वर मी अ‍ॅम्प्लिफायर उघडतो. माझा लहानपणापासूनचा मित्र प्रल्हाद भीमगीतं गातो. त्याच्या मागे झील धरणारे, ओळ उचलून म्हणणारे दोघे होते. एक नोकरीसाठी चंद्रपूरला गेला, दुसऱ्याला ऑटोतून फुरसत मिळेना. प्रल्हादनं कुठून तरी एक जुना लूपर आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

“याले हातानं दाबता येईन असं काही कर गा,” तो म्हणाला. “पायानं दाबाले गेलो त पेटीच उलटते.”

तिथून हे सुरू झालं. मी लोखंडी बटण काढलं. त्या जागी तळहाताएवढं रबरी पॅड बसवलं. खाली दाब ओळखणारा सेन्सर. गाणाऱ्याचा डावा हात भात्यावरून फार तर अर्धा सेकंद मोकळा होतो. तेवढ्यात काम झालं पाहिजे. म्हणून पॅड मी इतकं हलकं केलं की नुसतं बोट टेकलं तरी त्याला कळावं. त्यासाठी सतरा पॅड फेकली. डबा हार्मोनियमच्या डाव्या बाजूला चिकटून बसेल असा बुटका केला. समोर एकच दिवा. रेकॉर्डिंग चालू असेल तर लाल, वाजत असेल तर हिरवा. लाल-हिरव्याची रीत मी बाहेरच्या डब्यांवरून उचलली. तेवढीच एक गोष्ट मी उचललेली.

प्रल्हादनं वर्षभर तो डबा वापरला. एकदाही चुकला नाही. पुण्याच्या कंपनीला मी पत्र लिहिलं, तेव्हा तो म्हणाला, “दुसऱ्या कोणाले देऊन पाहिला काय?”

“तू वापरून राहिला ना वर्षभरापासून.”

“मी त तुह्याच वस्तीतला गा. तुह्याच घरी जेवतो. बाहेरच्याच्या हातात दे एखाद दिवस.”

मी हसण्यावारी नेलं.

तर, हॉटेलात. सहा आठवडे ऐकून माझं डोकं तापलं होतं. मला वेगळीच शंका येत होती.

“मॅडम, स्पष्ट बोलतो. सहा आठवडे तुमचा इंजिनिअर इथं बसला त डबा उघडून पाहीन. सातव्या आठवड्यात पुण्यात याचा जुळा भाऊ तयार होईन.”

त्या हसल्या. “म्हणून तर ट्रायलचा करार आहे. वाचा ना.” त्यांनी कागद पुढे सरकवला. डिझाईन माझं, ट्रायलमध्ये ज्या सुधारणा होतील त्याही माझ्या नावावर, असं त्यात लिहिलं होतं. मी वाचलं. पण कागद जितका चांगला, तितका माझा संशय जास्त. फुटपाथवर बसून वर आलेल्या माणसाची ही खोड असते. मी कागद परत सरकवला.

“सहा आठवडे नाही. एक कार्यक्रम. लाइव्ह, पब्लिकसमोर. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. पसंत पडला त तिथंच हो म्हणा. नाही पडला त मी डबा उचलतो.”

“असं नाही करता येत, सर. चार आठवडे?”

“एक कार्यक्रम.”

“दोन आठवडे, पाच कलाकार.”

मी डबा पिशवीत ठेवायला लागलो. ही माझी जुनी चाल. वस्तू पिशवीत जायला लागली की समोरच्याचा जीव वरखाली होतो. चेन अर्धी ओढली, तेव्हा मॅडमनी हातानं थांबवलं.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “एक कार्यक्रम. पण माझी एक अट. पत्रात लिहिलंय ते तुमचे मित्र नाही वाजवणार. ज्यानं डबा कधी पाहिलेला नाही, असा माणूस हवा. शिकवायला तीन दिवस घ्या.”

“मंजूर.”

ट्रायल नाही, म्हणून करारही नाही. तो कागद मॅडमनी बॅगेत ठेवला. मी सौदा जिंकून जिना उतरलो. गांधीबागेपर्यंत शीळ घालत आलो.

माणूस शोधायला वेळ लागला नाही. मनीषनगरला कुसुमताई म्हणून आहेत. निवृत्त शिक्षिका, पासष्टीच्या. त्यांच्या भजनी मंडळाचं साउंड मी पाहायचो. मंडळात एके काळी चौदा बायका होत्या. कुणाचे गुडघे गेले, कुणी नातवंडं सांभाळायला हैदराबादला गेल्या. उरल्या ताई आणि एक तबलेवाला. म्हणजे कोरसची गरज होतीच. मी डबा दाखवला तर त्यांचे डोळे चमकले.

“म्हणजे मी म्हटलं की माझ्या मागं मीच म्हणेन?”

“हो.”

“मग भांडण नाही होणार,” त्या म्हणाल्या. “चौदा जणी होत्या त अर्धा वेळ पुढं कोण बसणार यातच जात होता.”

तीन दिवस त्या माझ्या खोलीवर आल्या. जिना चढून, मध्ये दोनदा थांबून. सतरंजी अंथरायचो, पेटी ठेवायचो, बाजूला डबा. ताई बसायच्या. पेटीला बोटं लावून कपाळाला लावायच्या. मग डब्याला बोटं लावून कपाळाला लावायच्या. मग मी भिंतीवरचा स्विच चालू करायचो.

हे मी तिन्ही दिवस पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं, डोक्यात गेलं नाही. आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून अवजाराला नमस्कार नाही. अवजार पुसायचं, तेल द्यायचं, जागेवर ठेवायचं. हाच त्याचा मान. प्रल्हादचंही तेच. तो गाण्याआधी स्टेजवरच्या फोटोसमोर हात जोडतो, पेटीला हात लावतो तो वाजवायलाच. तेव्हा वर्षभरात माझ्या पॅडवर काम नसताना कुणाचं बोटच पडलं नव्हतं. ताईंचं पडत होतं, पण डबा बंद असताना.

दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं, “रमेशभाऊ, लाल लागला म्हणजे लाइट आली ना?”

मी वायर सोलत होतो. “हो, हो,” म्हणालो.

आपल्या घरात लाल दिवा म्हणजे काय? स्विचबोर्डावरचा लाल, गिझरचा लाल, इस्त्रीचा लाल. लाल म्हणजे चालू आहे, ठीक आहे. रेकॉर्डिंगचा लाल दिवा पाहिला आहे कुणी? रेकॉर्डिंगवाल्यांनी. ताईंनी प्रश्न बरोबर विचारला होता. उत्तर चुकलं ते माझं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सहा भजनं सलग वाजवली. एकही चूक नाही. मी मॅडमना फोन केला. रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला.

हॉल छोटा, पण भरलेला. मंडळाच्या जुन्या बायका आल्या होत्या, त्यांचे नवरे, सुना. पहिल्या रांगेत अदिती मॅडम आणि त्यांचे दोन इंजिनिअर. मी सकाळी सातलाच आलो होतो. वायर पायात येऊ नये म्हणून सतरंजीखालून नेली आणि टेपनं पक्की चिकटवली. साउंड चेक केला. कंपनीसमोर काही धावपळ नको म्हणून डबा चालूच ठेवला.

डबा चालूच ठेवला. या एका वाक्यावर माझी तीन वर्षं गेली.

ताई आल्या. बसल्या. पेटीला नमस्कार केला. डब्याला नमस्कार केला. पॅडनं बोटं ओळखली. मी तसंच बनवलं होतं. रेकॉर्डिंग सुरू झालं. दिवा लाल झाला. ताईंनी तो पाहिला आणि समाधानानं मान हलवली. लाइट आली.

मी हॉलच्या मागे मिक्सरवर होतो. तिथून तो दिवा दिसत नव्हता.

ताई खोकल्या. तबलेवाल्याकडे वळून म्हणाल्या, “हळू घे हो, परवासारखं पळू नको.” पदर सारखा केला. पेटीवर सूर धरला. मग पहिली ओळ सुरू करता करता, रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हणून पॅडला बोट लावलं. डब्याच्या हिशेबानं हा दुसरा दाब होता. रेकॉर्डिंग संपलं आणि वाजायला लागलं.

स्पीकरमधून ताईंचा खोकला आला. “हळू घे हो, परवासारखं पळू नको.” मग सूर. मग पुन्हा खोकला.

ताई दचकल्या. गाता गाता त्यांनी पुन्हा बोट लावलं. तिसरा दाब. थर चढायला लागला. “अगं बाई, हे काय होऊन राहिलं?” हेही साठलं. पुढच्या फेरीत खोकला, पळू नको आणि अगं बाई, तिन्ही एकदम आले. मागच्या रांगांतून हसू फुटलं. आधी मंडळाच्या बायका हसल्या, मग सगळा हॉल.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्यांनी हात जोडले आणि माफी मागावी तशी बोटं पुन्हा डब्याला लावून कपाळाला लावली. थर थांबला. त्यांनी पुन्हा नमस्कार केला. थर परत सुरू झाला.

मी धावलो. मी धावायला नको होतं. मिक्सर माझ्या हातात होता. एक बटण खाली ओढलं असतं तर सगळं शांत झालं असतं. पण डोकं तापलं की माझा हात कामाचा राहत नाही, पाय धावतात. स्टेजवर चढलो. ताईंचा तळहात डब्याच्या कडेवर होता.

“अवं बाई, हात काढ ना त्याच्यावरून! तीन दिवस काय शिकवलं तुले? डोकं गहाण ठेवून आली काय?”

समोर माईक होता. थर चालू होता.

ताईंनी हात झटकन काढला. मी चिडून पॅडवर थापड मारली. थर थांबला आणि जे साठलं होतं ते वाजत राहिलं. खोकला. पळू नको. अगं बाई. आणि मग माझा आवाज, हॉलच्या चारही कोपऱ्यांतून, “डोकं गहाण ठेवून आली काय?”

आता कुणी हसत नव्हतं.

मी वायर ओढली. वायर टेपनं पक्की होती. दुसऱ्या फेरीला माझा आवाज परत आला. तिसऱ्या फेरीला आला तेव्हा मी गुडघ्यांवर बसून नखांनी टेप उकरत होतो. ताई पदरानं डोळे पुसत स्टेजवरून उतरत होत्या. शेवटी तबलेवाल्यानं उठून मागचा मेन स्विच पाडला. पंखेही बंद झाले.

हॉल रिकामा झाल्यावर अदिती मॅडम स्टेजजवळ आल्या. इंजिनिअर दूर उभे होते.

“माणूसच चुकीचा निवडला मी,” मी म्हणालो. “डब्यात खोट नाही. दुसरा कलाकार देतो, उद्याच.”

“रमेश सर, तीन सेकंद दाबलं की पुसलं जातं ना?”

“हो.”

“तुम्हाला आठवलं नाही.”

मी टेपचे तुकडे गोळा करायला लागलो.

“ज्यानं बनवलं त्यालाच घाईत आठवत नाही, तर त्यांना कसं आठवणार?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. “हे सहा आठवड्यांत सापडलं असतं. पहिल्याच दिवशी सापडलं असतं.”

“मग आता द्या सहा आठवडे.”

“आता वरचे देणार नाहीत. मी काय रिपोर्ट लिहू?”

आता घासाघीशीला जागा नव्हती. मी पिशवी उचलली, चेन ओढली. या वेळी कुणी थांबवलं नाही.

चार दिवसांनी मी मनीषनगरला गेलो. ताईंनीच दार उघडलं. मी माफीचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “माझंच चुकलं हो, रमेशभाऊ. तुमचं एवढं मोठं काम माझ्या हातानं गेलं.”

“नाही ताई. डबाच चुकला. तुम्ही नमस्कार केला अन् त्याले वाटलं, काम सांगून राहिल्या.”

“नाही, नाही. मले शिकवलं होतं ना तुम्ही. वय झालं माझं.”

मी पाऊण तास बसून दिवा, पॅड, दाब सगळं समजावलं. त्या मान हलवत राहिल्या. पटलं नाही. निघताना म्हणाल्या, मंडळ बंद केलं आहे, दोघांत काय भजन होतं. मी जे ओरडलो, त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही तो विषय काढू शकलो नाही. माफी मागायला गेलो होतो आणि चहा पिऊन परत आलो.

वर्षभरानं कंपनीचा लूपर बाजारात आला. बसून वाजवणाऱ्यांसाठी. रबरी पॅड, बुटका डबा, हार्मोनियमच्या डावीकडे बसणारा. दिवा पांढरा. पहिल्या रेकॉर्डिंगला पॅड एक सेकंद दाबून धरावं लागतं, नुसतं बोट टेकलं तर काही होत नाही. पुसायचं बटण वेगळं. प्रल्हादनं तो मोबाइलवर दाखवला. मी बराच वेळ पाहत राहिलो. चांगला बनवला आहे. हेच सगळ्यात वाईट.

वकिलाकडे गेलो. त्यानं विचारलं, कागद कुठे आहे? करार होता, म्हणालो. सही? नाही केली. का? ट्रायल नको होती म्हणून. वकिलानं फाइल मिटली. फाइलमध्ये होतं तरी काय.

अदिती मॅडमनी माझं चोरलं, असं मी अजूनही चारचौघांत म्हणतो. आणि म्हणत राहणार. पॅड माझं होतं, डब्याचा आकार माझा होता, नमस्कारसुद्धा माझ्याच स्टेजवर झाला होता. पण खोलीवर एकटा असलो की दुसरा हिशेब दिसतो. नाव वाचवणारा कागद मीच परत सरकवला. चूक दाखवणारे सहा आठवडे मीच घासाघीस करून शून्यावर आणले. इतका चांगला सौदा मी आयुष्यात कधी केला नव्हता.

आता नवीन काही बनवत नाही. जुने अ‍ॅम्प्लिफायर येतात, ते दुरुस्त करतो. कुणी तरुण इंजिनिअर विचारायला आला तर एवढंच सांगतो. यंत्र चुकलं की चालवणारा स्वतःला दोष देतो. बनवणाराही चालवणाऱ्यालाच दोष देतो. दोघांचं एकमत असतं, म्हणून यंत्राला कुणी काही विचारत नाही. यंत्र चालू करायच्या आधी माणसाचा हात कुठे जातो, ते पाहा. मी तीन दिवस पाहत होतो आणि वायर सोलत होतो.